साबणाचे पाणी आणि रेडिओलहरी

सारोळ्याला लहानपणी आईबरोबर मी नीरेवर धुणे धुवायला जात असे. तेलकट कपडा नुसत्या पाण्याला दाद देत नसे. साबण लावला की मळ सुटे. का, ते पुढे कळले.

साबणाच्या रेणूचे डोके पाण्याकडे ओढ घेते, शेपूट तेलाकडे. पाण्यात साबण पुरेसा झाला की रेणू शेपट्या आत घेऊन गोळा होतात आणि मळ पोटात घेतात. जेम्स मॅकबेन यांनी १९१३ मध्ये ही कल्पना मांडली. पण पाण्याला धक्का न लावता हे पाहायचे कसे?

१९४६ मध्ये अमेरिकेत ब्लॉख आणि पर्सेल यांनी चुंबकात ठेवलेल्या अणुकेंद्रांचा रेडिओलहरींना मिळणारा प्रतिसाद टिपला. हीच एनएमआर पद्धत. १९५१ मध्ये अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी दाखवले, की अल्कोहोलातील हायड्रोजन तीन निरनिराळे संकेत देतो. जसा शेजार, तसा सूर. साबणाचा रेणू गोळ्यात शिरला की त्याचाही शेजार बदलतो, सूर सरकतो.

ब्लॉख-पर्सेल यांना १९५२ चे नोबेल मिळाले. धर्मट्टींनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे काम उभे केले. शाळा-कॉलेजात मी त्यांचे नाव कधी ऐकले नाही. श्रोतेहो, म्हणून आज घेतले.