सप्रेम भेट : एका पुस्तकाची कहाणी

दिवाळीच्या आधी कपाटे आवरताना रद्दीच्या ढिगात आपण जुनी पुस्तकेही टाकतो. टाकण्यापूर्वी पहिले कोरे पान उलटून पाहण्याची सवय आपल्यापैकी किती जणींना आहे? त्या पानावर कधी कधी ‘सप्रेम भेट’ असे दोन शब्द, खाली सही आणि तारीख असते. आपले नाव दुकानात जाऊ नये म्हणून नेमके तेच पान फाडून उरलेले पुस्तक रद्दीत देणाऱ्या भगिनीही मी पाहिल्या आहेत. खरे सांगायचे तर एके काळी मीही त्यांतलीच होते.

दुर्मिळ पुस्तके जमवणाऱ्या रसिकांत एक निराळा पंथ आहे. लेखकाने आपल्या जिवलग माणसाला दिलेली प्रत मिळावी, याचा त्यांना ध्यास असतो. तेच पुस्तक, तीच आवृत्ती, तोच कागद. पण कोणी कोणाला दिले, यावर त्यांचा जीव. हा नुसता श्रीमंतांचा छंद की त्यात काही अर्थ आहे, हे एका इंग्रज लेखिकेच्या उदाहरणावरून पाहू.

जेन ऑस्टिनची ‘एमा’ ही कादंबरी डिसेंबर १८१५ मध्ये लंडनला जॉन मरे या प्रकाशकाने काढली. तीन भाग, किंमत २१ शिलिंग, प्रती २०००. पुस्तकावर लेखिकेचे नाव नव्हते. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या लेखकाकडून, एवढेच छापलेले होते. जेन अविवाहित होती आणि आई व बहिणीसह भावाने दिलेल्या लहानशा घरात राहत होती. ‘एमा’ तिने स्वतःच्या जोखमीवर छापून घेतली होती. आधीच्या एका पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीतील तोटा वजा होऊन ‘एमा’च्या नफ्यातून तिच्या हयातीत तिच्या हाती पडले ते अवघे ३८ पौंड १८ शिलिंग. अशा बाईने फुकट दिलेली एकेक प्रत किती विचाराने दिली असेल, हे घरखर्चाची वही लिहिणाऱ्या आपल्याला सांगायला नको.

भेटीसाठी १२ प्रती काढल्या गेल्या. बहुतेक घरच्या माणसांना गेल्या. राजपुत्राच्या ग्रंथपालाने सुचवल्यामुळे पुस्तक त्या राजपुत्रास अर्पण करावे लागले होते. जेनला त्याच्याविषयी मुळीच आदर नव्हता. तरी त्याची प्रत तांबड्या कातड्यात बांधून, सोनेरी छाप उठवून रवाना झाली. मरायया एजवर्थ या त्या काळच्या नामांकित लेखिकेलाही एक प्रत गेली. तिने पहिला भाग वाचला आणि यात कथानकच नाही म्हणून पुढचे वाचणे सोडून दिले!

आणि एक प्रत गेली ॲन शार्प नावाच्या बाईकडे. १८०४ मध्ये ही ॲन जेनच्या भावाच्या घरी, केंट परगण्यातील गॉडमर्शम येथे, गव्हर्नेस म्हणून आली होती. गव्हर्नेस म्हणजे घरात राहून मुलींना शिकवणारी पगारी बाई. ती धड मालकांच्या पंक्तीत नाही, धड नोकरांच्याही नाही. भावाकडे पाहुणी म्हणून जाणाऱ्या जेनची तिच्याशी गट्टी जमली. घरातील मुलांबरोबर दोघींनी नाटुकल्यांत कामेही केली. १८०६ च्या आरंभी ॲनने ती नोकरी सोडली, पण पत्रव्यवहार सुटला नाही. नात्याबाहेरच्या अशा जिवाभावाच्या मैत्रिणीला गेलेली ‘एमा’ची प्रत ही एकच.

‘एमा’बद्दल कोण काय म्हणाले, याची जेनने एक यादी करून ठेवली होती. तीत ॲनचेही मत आहे. नायिका आवडली, मिस्टर नाइटली फारच आवडले, मिसेस एल्टनचे चित्र तर अप्रतिम. पण जेन फेअरफॅक्स हे पात्र मनास आले नाही. जेन फेअरफॅक्स म्हणजे पोटासाठी गव्हर्नेस व्हावे लागणार म्हणून झुरणारी मुलगी. जिने ते आयुष्य प्रत्यक्ष काढले, तिनेच तिथे नापसंतीचे बोट ठेवले. आणि लेखिकेने ते मत जसेच्या तसे उतरून घेतले. खरी मैत्री याहून निराळी काय असते?

१८ जुलै १८१७ रोजी जेन वारली. वय अवघे ४१. आजारपणात, मे महिन्यात, तिने ॲनला मायेने ओथंबलेले पत्र लिहिले होते. मृत्यूनंतर बहीण कॅसँड्रा हिने ॲनला जेनच्या केसांची एक बट, तिच्या वापरातल्या चापांची जोडी आणि २० वर्षांहून अधिक काळ तिच्या हाताखाली असलेले शिवणाचे लहानसे दाभण पाठवले. ॲनने पुढे लिव्हरपूलजवळ एव्हर्टन येथे मुलींची शाळा चालवली. १८५३ मध्ये तीही गेली.

तिची ती प्रत जून २००८ मध्ये लंडनला लिलावात १,८०,००० पौंडांना गेली. दोन वर्षांनी ती पुन्हा विकली गेली तेव्हा किंमत ३,२५,००० पौंड झाली होती. गंमत अशी की तिच्यावर जेनचे अक्षरसुद्धा नाही! प्रती प्रकाशकाच्या पेढीवरूनच रवाना झाल्या, म्हणून ‘लेखकाकडून’ एवढे शब्द तेथील कारकुनाने लिहिले आहेत. नाव नाही, सही नाही. मग एवढे मोल कशाचे? प्रकाशकाचे हिशेब, जेनची पत्रे, कॅसँड्राचे पत्र, या साऱ्यांनी त्या दोन शब्दांमागचे नाते उजेडात आणले, त्याचे. खोट्या सह्या करणारे जगात पुष्कळ आहेत. म्हणून जाणता संग्राहक केवळ सही पाहत नाही. पुस्तक कोणाच्या घरून कोणाच्या घरी गेले, ही साखळी तो कडी कडी जोडून तपासतो.

राजेरजवाड्यांच्या मैत्रीसाठी इतिहासात दफ्तरे असतात. दोन साध्या बायकांच्या मैत्रीला दफ्तर कुठले? एखादे पत्र, एखादे दाभण, पुस्तकाचे एखादे पान, एवढाच काय तो पुरावा. ते पान फाडले की तेवढा इतिहास संपला.

म्हणून आजच्या वर्धापनदिनी भगिनींना एकच विनंती. पुस्तक द्यायचे तर खुशाल द्या, पण पहिले पान आधी वाचा. त्यावर नाव असेल तर ती व्यक्ती कोण, आपल्या घरी तिचे येणे-जाणे कसे होते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा आणि चिठ्ठीवर लिहून त्याच पुस्तकात ठेवा. आणि यापुढे मैत्रिणीला पुस्तक देताना तिचे नाव, आपले नाव आणि तारीख आपल्या हाताने लिहायला विसरू नका. जेनच्या पुस्तकात ते कारकुनाला लिहावे लागले. आपल्यावर तशी पाळी नाही.