पगारातले दोनशे रुपये

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीतून निघालं की टेंभुर्णीला पोहोचायला साडेतीन-चार तास लागतात. गाडी मित्र चालवत असेल तर हा सगळा वेळ मी मोबाइलवर घालवतो. कुठे खून, कुठे फसवणूक, कुठे युद्ध. कुणाला तरी मारहाण होतेय आणि बाकीचे उभे राहून शूटिंग करतायत. इंदापूर मागे पडेपर्यंत माझं मत पक्कं झालेलं असतं की इथे जो तो आपापलं बघतो आणि चांगुलपणा फक्त रीलपुरता असतो.

गेल्या वर्षी मार्चमध्ये असाच वैतागून घरी पोहोचलो. ज्वारीची रास झाली होती आणि आजीने दरवर्षीप्रमाणे दोन पायल्या ज्वारी बाजूला काढून ठेवली होती. ती कुठे जाते ते मला लहानपणापासून माहीत होतं. पलीकडच्या वस्तीवरच्या एका घरी. ते घर आमच्या भावकीतलं नाही, जातीतलंही नाही. त्यामागचं कारण मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मात्र चिडून बोललो, "आज्जी, त्यांची नातवंडं आता कंपनीत कामाला आहेत. कशाला पाठवतेस अजून? लोक वापरून घेतात गं."

आजी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुज्या बापाला दूध पाजलंय तिनं. बहात्तरच्या दुष्काळात."

टेंभुर्णीच्या आसपास आज ऊस आणि केळी दिसतात, मागे उजनीचं पाणी दिसतं. हे बघून १९७२ डोळ्यांसमोर आणणं अवघड जातं. उजनी धरण पूर्ण झालं १९८० मध्ये. त्याआधीचा हा भाग म्हणजे पावसाच्या भरवशावरची ज्वारी. १९७० पासून सलग तीन वर्षं राज्याच्या मोठ्या भागात पाऊस रुसला आणि सोलापूर जिल्हा सगळ्यात जास्त होरपळलेल्यांपैकी होता. सरकारने दुष्काळी कामं काढली: खडी फोडणं, रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव. मे १९७३ मध्ये राज्यभर अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो. मिलोच्या भाकरीची चव आजीला अजून सांगता येते, आणि सांगताना तिचं तोंड अजूनही वाकडं होतं.

माझे वडील तेव्हा आठ-नऊ महिन्यांचे होते. बाभळीला झोळी बांधून आजी खडी फोडायची. तिला ताप आला, दूध आटलं. टोळीत दुसरी एक बाई होती, तिचंही पोर तेवढंच. मुकादमाला न सांगता ती दोन्ही पोरांना घ्यायची. आठ-दहा दिवस हे असं चाललं. खायला तिला स्वतःला काय मिळत होतं, याचा हिशोब मी नंतर मनात केला आणि सोडून दिला.

मी आजीला विचारलं, "मग तिला आपल्या आडावर पाणी भरू देत होता का तुम्ही?"

आजीचे हात थांबले. "तवा तसं नव्हतं, बाळा."

याच दुष्काळाच्या काळात डॉ. बाबा आढाव 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम घेऊन महाराष्ट्रभर गावोगाव फिरत होते. घोटभर पाण्यासाठी वणवण असतानाही दलितांना गावच्या विहिरीवर येऊ दिलं जात नव्हतं आणि हे त्यांनी गावागणिक नोंदवलं. म्हणजे मोबाइल बघून माझं जे मत होतं त्याला १९७२ मध्येही भरपूर पुरावा मिळाला असता. तो पुरावा आमच्याच आडावर होता. आणि त्याच काळात, त्याच शिवारात, जिला आम्ही पाणी नाकारलं त्या बाईने आमच्या पोराला दूध दिलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिलीची नोंद पुस्तकात आहे, दुसरीची नोंद दोन पायल्या ज्वारीत.

सोमवारी पुण्यात परतल्यावर मी दुष्काळाबद्दल वाचायला लागलो. त्यात एक माणूस सापडला, सर रिचर्ड टेंपल. १८७३-७४ मध्ये बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा या इंग्रज अधिकाऱ्याने ब्रह्मदेशातून तांदूळ मागवला, सढळ हाताने खर्च केला आणि भूकबळी जवळजवळ होऊ दिले नाहीत. बक्षीस काय मिळालं? उधळपट्टीबद्दल सडकून टीका. तीन वर्षांनी दख्खनेत आणि मद्रासकडे मोठा दुष्काळ पडला. व्हाइसरॉय लिटनने टेंपललाच पाठवलं, काटकसर करण्यासाठी. या वेळी त्याने कामावरच्या मजुराची मजुरी कापून दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला. मुंबई इलाख्यात मजुरांनी त्याविरुद्ध कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. दख्खन आणि मद्रास मिळून त्या दुष्काळात लाखो माणसं गेली. सोलापूर तेव्हाही होरपळलं होतं.

माणूस एकच. बिहारमध्ये त्याने जीव वाचवले, दख्खनेत उपासमारीची मजुरी ठरवली. मधल्या काळात त्याचा स्वभाव बदलला असेल असं मला वाटत नाही. दयेबद्दल त्याला दंड झाला होता आणि तो शहाणा झाला होता.

१९७२ मध्ये पाऊस १८७६ सारखाच फिरवला गेला, तरी तसे मृत्यू झाले नाहीत. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी या दुष्काळाचा अभ्यास केला आहे. राज्यातलं धान्य उत्पादन भयंकर घटलं होतं, पण मजुरांच्या हातात रोख मजुरी येत राहिली, म्हणून धान्य त्यांच्यापर्यंत पोहोचत राहिलं. तुटवडा फक्त गरिबाच्या ताटावर न कोसळता बराचसा सगळ्यांत वाटला गेला. हे आपोआप घडलं नाही. मजुरांनी मोर्चे काढले, घेराव घातले, कामं मागून घेतली.

त्या मागण्यांच्या आधीपासून एक माणूस हाच विचार करत होता. वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. १९६५ मध्ये त्यांनी सांगलीच्या तासगाव तालुक्यात, विसापूर भागात एक प्रयोग केला. जो काम मागेल त्याला काम द्यायचं. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. २००५ मध्ये देशभरासाठी असा कायदा झाला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

पण खेड्यात कामाची हमी द्यायची तर पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ मध्ये एक कर बसवला गेला: व्यवसाय कर. शहरातल्या पगारदारांनी आणि व्यावसायिकांनी भरायचा आणि त्यातून रोजगार हमीचा खर्च उचलायचा. तेवढीच रक्कम सरकार स्वतःची घालणार.

हे वाचलं आणि मी लॅपटॉपवर माझी पेस्लिप उघडली. 'प्रोफेशनल टॅक्स: २००'. फेब्रुवारीत ३००. वर्षाला बरोबर २५००. गेली पाच वर्षं ही ओळ मी बघत होतो. ऑफिसच्या कँटीनमध्ये आम्ही तिला शिव्याही घातल्या आहेत. ती ओळ माझ्या आजीच्या खडीच्या ढिगाऱ्यापासून निघून माझ्या पगारापर्यंत आली आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी भाबडा नाही. हजेरीपटावर बोगस नावं लागली, मजुरी थकली, त्या निधीचा पैसा वेळेवर वापरला गेला का यावर वाद झाले. पण रचना बघा. त्या बाईला आजीची दया आली म्हणून माझे वडील जगले. ती त्या टोळीत नसती तर? एखाद्याचं जगणं असं शेजारी कोण बसलंय यावर सोडायचं नाही, यासाठी काही लोक अनेक वर्षं बसले, भांडले, कलमं लिहिली. आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी चांगुलपणा डिफॉल्ट सेटिंगमध्ये टाकला. मी चिडलेला असलो, माणसांवर माझा विश्वास नसला, तरी दर महिन्याला दोनशे रुपये जातात.

चांगुलपणा बातमीत का दिसत नाही, याचं उत्तर मला निदान माझ्यापुरतं इथे मिळालं. तो बऱ्याचदा कपातीच्या रकान्यात असतो, नाहीतर बाजूला काढलेल्या पोत्यात.

या मार्चमध्ये ज्वारी द्यायला मीच गेलो. ती बाई आता खूप थकलीय, नीट दिसत नाही. कोण आलंय हे सुनेने सांगितल्यावर तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "बाप बरा हाय का?" सुनेने तांब्या आणून दिला. मी पाणी प्यालो.

घरी येऊन आजीला तेवढंच सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुढच्या बारीला मलाबी घिऊन चल."