एस्बियर्ग

एस्बियर्ग हे डेन्मार्कमधील युटलंड द्वीपकल्पाच्या नैऋत्य किनाऱ्यावरील औद्योगिक बंदर-शहर आहे. लोकसंख्येच्या दृष्टीने ते देशात पाचव्या क्रमांकावर आहे.

युरोपच्या मानाने हे शहर अगदी अलीकडचे. १८६४ च्या युद्धात श्लेस्विग व होल्स्टाइन हे प्रांत डेन्मार्कच्या हातून गेले. त्यांबरोबर ब्रिटनकडे गुरे पाठविण्याची पश्चिम किनाऱ्यावरील बंदरेही गेली. ही उणीव भरून काढण्यासाठी १८६८ मध्ये संसदेने कायदा करून फानो बेटाच्या आडोशाला बंदर बांधण्याचे ठरविले. तेव्हा तेथे शेतकऱ्यांची मोजकी घरे होती. १८७४ मध्ये रेल्वे आली आणि १८९९ मध्ये व्यापारी नगराचा दर्जा मिळाला.

स्वस्त परदेशी धान्यामुळे डॅनिश शेतकरी पशुपालनाकडे वळले. त्यांचे लोणी व डुकराचे खारवलेले मांस येथूनच ब्रिटनला जाई. विसाव्या शतकात मासेमारीने शहर पोसले. पुढे ती ओसरली. १९७० च्या दशकापासून उत्तर समुद्रातील तेल व वायू उत्खननाचा, तर २००२ मध्ये हॉर्न्स रेव येथे ८० पवनचक्क्या उभ्या राहिल्यापासून सागरी पवनऊर्जेचाही येथे तळ आहे. हार्विचला जाणारी प्रवासी बोट मात्र २०१४ मध्ये बंद झाली.