तीन फूट मोकळी जागा

परवा गावाहून चुलतभावाचा फोन. दौंडच्या पुढे आमची थोडी शेती आहे, ती दादाच बघतो. ऐन गळिताच्या हंगामात उसाची ट्रॉली वळवताना तिची पुढची कड ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरला लागली आणि टायर कापला. "तू इंजिनियर ना? मग सांग, चांगली तीन फूट जागा असताना घासलीच कशी?"

आता मी सॉफ्टवेअरवाला, हातात कधी पाना धरलेला नाही. पण दादाला नाही कसं म्हणणार? खोदून विचारल्यावर कळलं की मधली लोखंडी दांडी वाकली होती, ती वेल्डरने कापून जोडून दिली, आणि त्यात ती वीतभर आखूड झाली.

कागदावर काढून बघा. टायरच्या मागच्या कडेच्या रेषेतच हुकाची पिन आहे. पिनेपासून ट्रॉली तीन फूट मागे, आणि टायरची बाहेरची कड पिनेपासून तीन फूट बाजूला. सरळ उभं असताना मधे ऐसपैस तीन फूट. ट्रॉली पिनेभोवती काटकोनात फिरली की तिची पुढची फळी बरोब्बर तीन फूट बाजूला येते, म्हणजे थेट टायरवर. मोकळी जागा शून्य! दादाने माप घेतलं होतं ते सरळ उभ्या ट्रॅक्टरचं.

हे काढताना मला आपले घाट आठवले. (शनिवार होता, दुसरं काम नव्हतं.) एकामागे एक जोडलेल्या वाहनांना वळवायचं कसं, हा रेल्वेचाही जुना प्रश्न. १८६३ साली भोर घाटातून गाडी सुरू झाली तेव्हा वळणाचा एक अवघड भाग चक्क टाळला होता. गाडी घाटातल्या रिव्हर्सिंग स्टेशनात जायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढची चढण चढायची. १९२९मध्ये नवीन मार्ग झाल्यावर हा प्रकार बंद झाला.

माथेरानला मात्र वळणं टाळायची सोयच नव्हती. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात नेरळहून वर रूळ नेले, खर्च सोळा लाख रुपये. रुळांतलं अंतर दोन फूट, चढ वीसास एक, आणि वळणं अशी की डब्यातून आपलंच इंजिन दिसावं. डबे छोटे ठेवून भागलं. इंजिनाचं काय करणार? त्याची सहाही चाकं बाहेरून दांड्यांनी एकमेकांना बांधलेली, म्हणजे आस वळूच शकत नाहीत.

बर्लिनच्या ओरेनस्टाइन आणि कॉप्पेल कंपनीने दिलेल्या इंजिनांत यावर क्लीन आणि लिंडनर या जर्मन अभियंत्यांची युक्ती होती. मला तर ती फार आवडते. पुढच्या आणि मागच्या आसावर एक पोकळ नळी, आणि चाकं त्या नळीवर. आतला आस सांगाड्यात सरळच फिरतो, दांड्या त्यालाच जोडलेल्या. नळी मधोमध गोलाकार सांध्यावर टेकलेली, त्यामुळे ती चाकांसकट थोडी तिरकी होते आणि बाजूलाही सरकते. म्हणजे इंजिनाच्या पोटातच हुकाची पिन! यातलं एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ठेवलं आहे. गेलात तर वाकून चाकांच्या मधे बघा.

दादाला अर्थात पोकळ आस परवडणार नाही. त्याला म्हटलं, दांडी फूटभर लांब करून घे. मग पुढचा हिशोब केला तेव्हा लक्षात आलं की दांडी लांब केली की ट्रॉलीची चाकं वळणावर आणखी आत कापत येणार, आणि आमच्या रस्त्याला विहिरीपाशीच वळण आहे. लगेच परत फोन लावला.

"ते मला माहितीय," दादा म्हणाला. "तिथे मी आधीपासूनच बाहेरून घेतो."