शत्रूनें लिहिलेलें चरित्र : पोप कॅलिक्स्टस

थोर पुरुषाचें चरित्र बहुधा त्याचा शिष्य लिहितो. रोमचा धर्माध्यक्ष कॅलिक्स्टस ह्याच्या वांट्यास मात्र निराळेंच भाग्य आलें. त्याच्या पूर्वायुष्याची जी हकीकत उपलब्ध आहे, ती जवळजवळ सर्व त्याच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यानें लिहून ठेविली आहे. ह्या ग्रंथाचें हस्तलिखित इ. स. १८४२ मध्यें ॲथॉस पर्वतावर सांपडलें व १८५१ सालीं छापून निघालें. त्याचा कर्ता रोममधील विद्वान धर्मोपदेशक हिप्पोलिटस होय, असें बहुतेक पंडित मानतात.

हिप्पोलिटस सांगतो कीं, कॅलिक्स्टस हा कार्पोफोरस नांवाच्या ख्रिस्ती गृहस्थाचा गुलाम होता. धन्यानें त्याला पेढी काढून दिली. तींत विधवांनीं व इतर धर्मबंधूंनीं ठेवी ठेविल्या. पेढी बुडाली. कॅलिक्स्टस पळून बंदरांतील एका जहाजावर चढला. परंतु धनी येत आहे असें पाहतांच त्यानें समुद्रांत उडी घेतली. खलाशांनीं त्याला वर काढलें व धन्यानें त्याला जात्याला जुंपलें. पुढें एका यहुदी प्रार्थनामंदिरांतील दंग्यावरून त्याची रवानगी सार्डिनिया बेटांतील खाणींत झाली. बादशहा कॉमोडस ह्याची उपपत्नी मार्सिया हिनें ख्रिस्ती कैदी सोडविले, तेव्हां तोही सुटला.

ह्या हकीकतींत द्वेष किती व सत्य किती, हें पारखून घेतलें पाहिजे. गुलामगिरी व खाणींतील शिक्षा ह्या गोष्टी खऱ्या मानण्यास हरकत नाहीं. परंतु त्यामागील हेतूंचें वर्णन शत्रूचें आहे. धर्माध्यक्ष झेफिरिनस ह्यानें तर ह्याच मनुष्यास जवळ केलें आणि ॲपियन मार्गावरील ख्रिस्ती दफनभूमि त्याच्या हवालीं केली. तिसऱ्या शतकांतील अनेक पोप तेथें पुरले गेले. त्यांचें समाधिगृह द रोस्सी ह्या संशोधकानें १८५४ सालीं शोधून काढलें. दफनभूमीस आजही कॅलिक्स्टसचेंच नांव आहे; तो स्वतः मात्र तेथें पुरलेला नाहीं.

इ. स. २१७ च्या सुमारास कॅलिक्स्टस धर्माध्यक्ष झाला व खरा वाद पेटला. व्यभिचारासारखें पातक करून पश्चात्ताप पावलेल्यांस त्यानें पुन्हा मंडळींत घेतलें. कुलीन स्त्री व गुलाम ह्यांचा कायद्यास अमान्य असलेला संबंधही त्यानें विवाह म्हणून मानला. गव्हाबरोबर निदणही वाढूं द्यावें, नोहाच्या तारवांत शुद्ध व अशुद्ध दोन्ही प्राणी होते, असा त्याचा युक्तिवाद होता. हिप्पोलिटसच्या मतें मंडळी ही केवळ शुद्धांची असावयास हवी होती. तो फुटून निघाला व एका गटाचा प्रमुख बनला. निंदेसाठीं म्हणून त्यानें हे युक्तिवाद नोंदले, म्हणूनच ते आज वाचावयास मिळतात.

इ. स. २२२ च्या सुमारास कॅलिक्स्टस वारला. पुढें २३५ सालीं हिप्पोलिटस व तेव्हांचा पोप पाँटियन ह्या दोघांसही त्याच सार्डिनियांत हद्दपार करण्यांत आलें. दोघांचीं शवें रोमला आणून सन्मानपूर्वक पुरण्यांत आलीं व १३ ऑगस्ट रोजीं दोघांचें स्मरण एकत्र केलें जातें. कॅलिक्स्टसच्या उदार धोरणावर ज्यानें कठोर टीका केली, त्यालाही अखेरीस त्याच मंडळीनें संत म्हणून आपल्या पोटांत घेतलें.