जुनेर आणि जुना बाजार

आपल्याकडे इतिहास लिहिला गेला तो राजांचा, लढायांचा आणि फार तर चळवळींचा. माणसाच्या अंगावरच्या कापडाचा आणि चुलीजवळच्या भांड्याचा इतिहास कोणी फारसा मनावर घेतला नाही. दलित समाजापुरते बोलायचे तर हा इतिहास मुख्यतः वापरलेल्या वस्तूंचा आहे. आमच्या घरात जी वस्तू आली ती बहुधा दुसऱ्याच्या घरात झिजून आली. मात्र ती कोणत्या वाटेने आली हे विचारले पाहिजे. एक वाट वाड्याच्या मागच्या दारातून येत होती. दुसरी बाजारातून येत होती. लुगडे दोन्हीकडे जुनेच होते. तरीही या दोन वाटांच्या मध्ये एका समाजाच्या माणूसपणाचा मोठा झगडा उभा आहे आणि त्याची नोंद घेतल्याशिवाय आपला सामाजिक इतिहास पुरा होणार नाही, असे मला वाटते.

प्रथम मागच्या दाराची वाट पाहू. ही वाट केवळ गरिबीने पाडलेली नाही, ती कायद्याने आखलेली आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत असे सांगितले आहे. त्याच अध्यायात पुढे सेवा करणाऱ्या शूद्राला काय द्यावे याची यादी येते: उष्टे अन्न, जीर्ण वस्त्रे, धान्यातला फोलकट भाग आणि घरातले जुने सामान. त्याच्या पाठोपाठ शूद्राने समर्थ असूनही धनसंचय करू नये असा दंडक येतो. या आज्ञा एकत्र वाचल्या की व्यवस्थेचा हेतू लख्ख दिसतो. नवी वस्तू विकत घेण्याची ऐपतच येऊ द्यायची नाही आणि जुनी वस्तू मजुरीच्या जागी द्यायची. आपण जिला दान समजतो ती मुळात बुडवलेली मजुरी होती. पश्चिम महाराष्ट्रात महारांच्या म्हणून जे हक्क सांगितले जात, त्यांत मढ्यावरचे कापडही होते. मेलेल्याचे वस्त्र घेण्याला हक्क म्हणायचे, ही भाषेची क्रूर थट्टा आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा त्या ज्वाळांत जुन्या कापडाचा आणि फुटक्या भांड्याचा हा कायदाही जळाला.

जुनेर देण्याची रीत ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना तिचे व्याकरण ठाऊक आहे. माझी आई ज्या घरी धुणीभांडी करी, तेथून तिला दिवाळीला एक जुने पातळ मिळे. त्याचा रंग तिने निवडलेला नसे. ते किती विरले आहे हे उजेडात धरून पाहण्याची सोय नसे, कारण देणारीच्या देखत कापड पारखणे म्हणजे उपकार न मानणे. नको म्हणायचा तर प्रश्नच नव्हता. तसे म्हटले असते तर काम गेले असते. आणि ते पातळ नेसून ती रस्त्याने निघाली की ते कोणाच्या घरचे हे चार बायकांना ओळखू येई. जुनेराबरोबर जुन्या मालकिणीचे नावही अंगावर यायचे.

पैसा हातात आला की हा प्रश्न सुटतो, असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या निबंधात दोन घटना नोंदवल्या आहेत. इंदूर भागातल्या बलाई जातीच्या लोकांवर १९२८ मध्ये तिथल्या सवर्णांनी अटी लादल्या. जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. दुसरी घटना अहमदाबाद जिल्ह्यातल्या झनू गावची. १९३५ मध्ये तिथल्या बऱ्या स्थितीतल्या अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. पैसा होता, बाजारात माल होता, तरी विकत घेण्याची मुभा नव्हती. मनूच्या यादीतल्या त्याच दोन वस्तू, कापड आणि भांडे, विसाव्या शतकातही मारामारीचे कारण होत होत्या.

आता नागपूरकडे वळू. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मध्य प्रांतातील महारांचा एक प्रमुख धंदा जाडेभरडे कापड विणण्याचा होता, हे रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जातिवर्णनातही नमूद आहे. ज्यांच्या मागावर नवे कापड तयार होत होते, त्यांच्याच जातीला धर्मशास्त्र जुने कापड नेमून देत होते. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरणीच्या कापडापुढे हातमाग मागे पडत गेला आणि विणकराची पोरे गिरणीच्या दाराशी उभी राहिली. गिरणीतही जात होती, हाल होते. पण एक फरक पडला. मजुरी नाण्यांत मिळू लागली. धान्य, शिळी भाकरी आणि जुनेर यांच्याऐवजी हातावर पैसा पडला. आज ती गिरणी उरलेली नाही. परंतु तिने नागपूरच्या दलित वस्त्यांत गिऱ्हाईक नावाचा एक नवा माणूस जन्माला घातला, ही गोष्ट इतिहासात राहील.

हे गिऱ्हाईक पहिल्या झटक्यात नव्या कापडाच्या दुकानात शिरले नाही. तेवढी त्याची मजुरी नव्हती. ते आठवडी बाजारात गेले. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी ही नागपूरच्या वस्त्यांची नावेच बाजाराच्या वारांची आठवण देतात. अशा बाजारांच्या कडेला, जमिनीवर फारी अंथरून, जुन्या वस्तू विकणारे बसतात. शिवून घेतलेली पँट, दांडा बदललेली छत्री, कल्हई उडालेला गंज, एका काड्याचा चष्मा, सायकलची सीट. भांडी देऊन कपडे नेणारी भांडेवाली दारोदार फिरते. घराघरांतून तिने जमवलेले कपडे निवडले जातात, धुतले जातात, टाके घातले जातात आणि पुन्हा बाजारात येतात. पितळेचे भांडे ‘मोड’ म्हणून तराजूत पडते, वितळते आणि नवे होऊन दुसऱ्या स्वयंपाकघरात जाते. ते आधी कोणाच्या चुलीवर होते हे विचारायला कोणी जात नाही. सोवळ्याओवळ्याच्या सगळ्या शास्त्राला मोडीच्या तराजूने अशी मुकाट बगल दिली आहे.

या बाजारात काय घडते ते नीट पाहावे. गिऱ्हाईक उकिडवे बसते. सदरा उचलते, उलटा करते, काखेतली शिवण ताणून पाहते, उजेडात धरते. वीस सांगितले तर दहा म्हणते. उठून चालू लागते. मागून हाक येते. माझ्या आईला दिवाळीच्या पातळाच्या बाबतीत जे जे करता येत नव्हते ते सगळे येथे करता येते: पारखणे, निवडणे, नाकारणे, भाव करणे. आणि पैसे मोजल्यावर ती वस्तू कोणाची होती हा प्रश्नच संपतो. बाजाराला पूर्वीच्या मालकाचे नाव माहीत नसते. जुनेपणात अपमान नसतो. अपमान असतो तो ‘नको’ म्हणता न येण्यात. घासाघीस हा गरिबाचा क्षुद्र स्वभाव आहे असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की ज्याला हजारो वर्षे भाव करूच दिला नाही, त्याच्यासाठी घासाघीस ही नागरिकत्वाची पहिली इयत्ता होती.

हीच गोष्ट पुस्तकांची. सीताबर्डीच्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांनी विदर्भातल्या किती मुलांना पदवीपर्यंत नेले असेल! माझी बी.ए.ची बहुतेक पुस्तके तिथलीच. पहिल्या पानावर दुसऱ्याचे आडनाव, समासात दुसऱ्याच्या पेन्सिलीच्या खुणा. ज्या घरांत कधी पाऊल ठेवता आले नसते त्या घरांतली पुस्तके अर्ध्या किमतीत माझ्या पिशवीत आली आणि परीक्षा झाल्यावर पुढच्या मुलाला विकली गेली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पोट मारून त्यांनी तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले, असे त्यांच्या चरित्रात वाचायला मिळते. ज्याच्या पूर्वजांना जीर्ण वस्त्र नेमून दिले होते, तो जुन्या मालाच्या दुकानात स्वतःच्या निवडीने उभा राहतो, या घटनेचा अर्थ मोठा आहे.

आणि मग १९५६ साल येते. १४ ऑक्टोबरच्या धम्मदीक्षेसाठी पांढरी वस्त्रे नेसून यावे असे सांगण्यात आले होते. प्रवासाचा खर्च आणि पांढरे लुगडे, पांढरा सदरा यांची किंमत भागवण्यासाठी गोरगरिबांनी आपले किडूकमिडूक विकले, अशी नोंद धनंजय कीर यांनी केली आहे. नागपूरच्या त्या दिवसाचे वर्णन करताना आपण पांढऱ्या समुद्राबद्दल बोलतो. पण त्या पांढऱ्या कापडाच्या मागे एक विक्री आहे. त्या आठवड्यात आमच्या आज्या-पणज्या बाजारात घेणाऱ्या म्हणून गेल्या तशा विकणाऱ्या म्हणूनही गेल्या. जुने डाग मोडले आणि कोणाच्याही अंगावरून न उतरलेले कोरे कापड घेतले. मनूची यादी त्या दिवशी व्यवहारातही फाटली.

येथे एक आक्षेप येईल. भगवान बुद्धाच्या भिक्षूंनी तर उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्यांची चीवरे केली. त्यांना पांसुकूल म्हणत. बुद्धाने आपले झिजलेले पांसुकूल चीवर महाकाश्यपाला दिले आणि महाकाश्यपाने तो आयुष्यभराचा सन्मान मानला. आमच्या विदर्भातले परीट समाजात जन्मलेले गाडगेबाबा चिंध्यांची गोधडी पांघरून आणि फुटके गाडगे घेऊन फिरले. मग प्रेतवस्त्रात आणि फुटक्या भांड्यात वाईट काय? उत्तर विनयपिटकातच आहे. जीवकाच्या विनंतीनंतर बुद्धाने भिक्षूंना मोकळीक दिली: ज्याला हवे त्याने पांसुकूल वापरावे, ज्याला हवे त्याने गृहस्थाने दिलेले चीवर घ्यावे. ‘ज्याला हवे त्याने’ या शब्दांत संघ आणि मनू यांच्यातले सगळे अंतर आले. गाडगेबाबांनी गाडगे स्वतः उचलले होते, ते कोणी त्यांच्या हातात कोंबले नव्हते. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे आणि टायपरायटर जपून ठेवले आहेत. तेही वापरलेलेच आहेत आणि त्यांच्यापुढे लोक हात जोडतात. वस्तूला मान किंवा अपमान चिकटतो तो माणसामाणसांतल्या नात्यामुळे.

म्हणून बाजाराचेही भाबडे गुणगान करता येणार नाही. जुन्या मालाचा धंदा जगात अनेक ठिकाणी हीन ठरवलेल्यांच्या गळ्यात बांधला गेला. १५५५ मध्ये पोप चौथ्या पॉलने आपल्या राज्यातल्या ज्यूंना वेगळ्या वस्तीत कोंडले आणि चिंध्या व जुने कपडे यांखेरीज दुसरा व्यापार करण्यास मनाई केली. आजच्या इंग्लंडात साधी माणसे सुटीच्या दिवशी मैदानात मोटार उभी करून, डिकी उघडून घरातले जुने कप, खेळणी, कोट विकतात. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही, कारण तो धंदा जन्माने कोणावर लादलेला नाही. आमच्याकडे मात्र भंगाराच्या साखळीचे अगदी खालचे टोक कोणाच्या हातात आहे? पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यातल्या कचरा वेचणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया दलित आहेत. जुन्या बाजारात गिऱ्हाईक म्हणून आम्हाला मुभा मिळाली. पण कचऱ्यातून ती वस्तू वेचण्याचे काम अजून जातीनेच वाटलेले आहे. त्या स्त्रियांनी संघटना बांधून ओळखपत्र मागितले, वजनाचा चोख हिशेब मागितला. हीही भाव करण्याचीच पुढची पायरी आहे.

यातून कार्यकर्त्यांनी काय घ्यावे? आज शहरोशहरी जुने कपडे आणि पुस्तके वाटण्याचे कार्यक्रम होतात. आपल्याही संस्था ते करतात. मुलांना रांगेत उभे करायचे, हातात गठ्ठा द्यायचा आणि छायाचित्र काढायचे. हेतू चांगला असेल, पण रीत मागच्या दाराची आहे. त्याऐवजी वस्तीत महिन्यातून एकदा जुन्या पुस्तकांचा, वह्या-दप्तरांचा, कपड्यांचा बाजार भरवावा. किंमत दोन रुपये ठेवा, पाच ठेवा, पण किंमत असू द्या. मुलाला चाळू द्या, नाकारू द्या, भाव करू द्या. छायाचित्र काढू नका. ज्यांच्याकडे दोन रुपयेही नाहीत त्यांनी आपले जुने पुस्तक देऊन दुसरे न्यावे.

आणि विद्यार्थ्यांना एक काम सांगावेसे वाटते. आपल्या आजीला विचारा: तू स्वतः निवडून, स्वतःच्या पैशांनी घेतलेले पहिले लुगडे कोणते? कोणत्या बाजारातून घेतले? काय भाव पडला? ही उत्तरे लिहून ठेवा. ती कोणत्याही दप्तरखान्यात सापडणार नाहीत आणि सांगणाऱ्या आता थोड्या उरल्या आहेत.