मानमोडीच्या सालांतील अर्भकें

१९१८ सालच्या जून महिन्यांत मुंबईंतील सात पोलीस शिपाई तापानें आजारी पडून इस्पितळांत दाखल झाले. पावसाळा संपतां संपतां तोच ताप दुप्पट जोरानें उलटला आणि ६ ऑक्टोबर रोजीं एकट्या मुंबईंत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. लोकांनीं या इन्फ्ल्युएंझाला 'मानमोडी' म्हटलें. आगगाडीच्या वाटेनें ती देशावर पसरली. मनमाडहून औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, १९०० सालापासूनच गाडी जात होती; त्यांत त्या वर्षीं पाऊसही दगा देऊन गेला. हें शहर तेव्हां निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडे. १९११ ते १९२१ या दशकांत त्या संस्थानची लोकसंख्या सुमारें १ कोटी ३४ लाखांवरून १ कोटी २५ लाखांवर उतरली.

हिंदुस्थानांत या साथीनें पुरुषांपेक्षां स्त्रिया अधिक नेल्या, आणि त्याही विशेषेंकरून वीस ते चाळीस वर्षांच्या. मृत्यूच्या नोंदींत बाई मोजली जाई. तिच्या पोटांतील जीव नव्हे. १९१९ सालीं जन्मांचें प्रमाण एकदम खालीं आलें, तेवढीच काय ती त्यांची खूण!

अमेरिकेंत बाल्टिमोरच्या डॉ. हॅरिस यांनीं १९१९ मध्यें अशा १,३५० गरोदर रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. जवळजवळ निम्म्यांना न्यूमोनिया झाला, आणि त्यांतील निम्म्या दगावल्या. न्यूमोनिया झालेल्यांपैकीं निम्म्याहून अधिकींची गर्भावस्था अर्ध्यावर मोडली. साध्या तापांतही सुमारें चौथ्या हिश्शाची. याचें कारण उघड आहे. वाढत्या गर्भामुळें श्वासपटल वर सरकतें, आणि प्राणवायूची गरज मात्र वाढते. अशा वेळीं फुफ्फुसें सुजलीं म्हणजे वारेवाटे बाळाला मिळणारा प्राणवायूही तुटतो. रोगजंतु बाळापर्यंत क्वचितच पोंचतो. आईचा श्वास कोंडला, हेंच त्याला पुरतें. वांचलेलें मूलही पुष्कळदा अपुऱ्या दिवसांचें आणि हलक्या वजनाचें असतें.

मोजणीची ती उणीव भरून निघावयास शंभर वर्षें लागलीं. कोविडच्या पहिल्या लाटेंत महाराष्ट्रांतील वैद्यकीय महाविद्यालयांनीं ४,२०३ बाधित गरोदर स्त्रियांची नोंद ठेवली. ३,२१३ बाळें जिवंत जन्मलीं. सुमारें सोळा टक्के प्रसूती वेळेआधीं झाल्या, आणि सहा टक्के गर्भ हातचे गेले. एकंदर ३४ माता दगावल्या. मराठवाड्यांतील ३५१ स्त्रियांपैकीं ४ गेल्या. हें प्रमाण सबंध राज्यापेक्षां अधिक होतें. गरोदर स्त्रियांना लस देण्यास भारत सरकारची परवानगी २ जुलै २०२१ रोजीं मिळाली. तोंवर दुसरी लाट ओसरूं लागली होती.